पाडव्याला आणायचं ठरलं होतं

नात सिल्लोडला दिलेली. पहिलटकरीण. तिचं बाळंतपण माझ्याकडं व्हायचं होतं, म्हणजे शहरात, सिडकोतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिची आई, माझी सून, पोरगी दहावीत असताना गेली. तेव्हापासून तिची वेणी घालण्यापासून तिच्या लग्नात रडण्यापर्यंतची सगळी कामं माझ्याकडं आली. माहेर म्हणून घरात मी आणि माझा मुलगा. मुलगा वाळूजच्या कंपनीत पाळ्या करणारा, म्हणजे खरं तर मीच.

आमच्यात पोरीला सातव्यात आणतात. आठव्यात हलवत नाहीत. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. सातवा संपायला थोडे दिवस राहिले तेव्हा मुलानं शनिवारची जीप ठरवली. मी विहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अमावस्या तोंडावर आलीय, विहीणबाई. भरल्या पोटाची पोर मी आत्ता उंबऱ्याबाहेर नाय काढायची. पाडव्याला न्या. साडेतीन मुहूर्तांतला हाय."

मला हे इतकं पटलं की मी फोनवर जोरात मान डोलावली. फोनवर डोलावलेली मान पलीकडं दिसत नाही, एवढंही त्या बाईला कळत नव्हतं. त्या बाईला म्हणजे मला. त्याला आता काही वर्षं झाली, पण त्या वेळची मी आठवली की मला ती दुसरीच कुणीतरी वाटते. बासष्ट वर्षांची, अंगानं धडधाकट, तोंडानं त्याहून धडधाकट, आणि जगात जे जे होणार ते आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा थाटात वावरणारी.

त्या थाटाला कारण होतं. मी या शहरात नवरी होऊन आले ती कर्फ्यू बघतच. तेव्हा आम्ही जुन्या शहरात राहायचो. दंगल उसळली की सगळं बंद, मग दोन तासांची ढील. अशाच एका ढिलीत सासूनं मला दुधाला धाडलं. वाटेत बांगडीवाल्याचं दार अर्धं उघडं दिसलं. मी हातभर हिरव्या बांगड्या भरून घरी आले. सासूनं आधी रिकामं भांडं बघितलं, मग माझे हात बघितले. मला वाटलं, आवडल्या असतील.

त्या बिनडोक पोरीचीच पुढं कर्फ्यूतली जाणकार म्हातारी झाली. पाडव्याच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी दिवसभर घरात बसायचं आणि संध्याकाळी थाळ्या वाजवायच्या असं ठरलं, तेव्हा मी गॅलरीत उभं राहून पितळी परात बडवली. परातीला पोचा पडला. समोरच्या घरातल्या बाई माझ्याहून जोरात वाजवत होत्या म्हणून मी लाटणं बदललं. मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की आज रात्रीपासून देश बंद. मुलगा पायात चप्पल सरकवून किराण्याच्या दुकानाकडं पळाला आणि माणसांच्या लोंढ्यातून साखरेची मोठी पिशवी घेऊन आला. तूरडाळ मिळाली नाही, मीठ विसरला. मी त्याला म्हटलं, "अरे, असं घाबरून कसं चालंल. दोन-तीन दिवसांत ढील देतात. सकाळी दोन तास. तेवढ्यात सिल्लोडला जाऊन पोरीला घेऊन येऊ."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, माझ्या अनुभवाचं कौतुक करतोय.

दुसऱ्या दिवशी पाडवा. नातीसाठी आणलेली साखरेची गाठी गुढीला घातली. कडुलिंबाची डहाळी मिळाली नाही, कारण झाड कोपऱ्यावर आणि कोपऱ्यावर पोलीस. जीपवाल्यानं फोन उचलला नाही. दुपारी नातीचा फोन आला. "आज्जी, मग कधी?" एवढंच म्हणाली. मी तिला ढिलीचं सगळं गणित समजावून सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं. पण तू ये म्हणजे झालं."

ढील काही आली नाही. बंद वाढला, मग आणखी वाढला, आणि दर वेळी नवे नियम. माणसं त्या नियमांना अशी चिकटली की ज्यांनी ते काढले त्यांनाही नवल वाटलं असतं. आमच्या गल्लीचं तोंड गल्लीनंच बांधलं. शेजारच्या माडीवरचे रिटायर मास्तर पुढं झाले. मांडववाल्याच्या बल्ल्या आणल्या, एक जुनी खाट आडवी टाकली, सुतळीनं आवळून आवळून गाठी मारल्या. बाहेरचं माणूस आत नको. मला तेव्हा ते लई आवडलं. मी गॅलरीतून सूचना दिल्या, की डावीकडची बल्ली जरा खाली घ्या, पोरं वाकून जातील.

तीन गल्ल्यांपलीकडं या आजाराचा एक माणूस सापडला आणि तिथं सरकारनं पत्रे ठोकले. मग तर आमच्या गल्लीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर रोज भांडणं. कुणाच्या घरी दूधवाला आला, कुणाचा पाहुणा मागच्या दारानं आला, कोण शिंकलं. ज्या बाईच्या हातच्या पापडांवर गल्लीतली निम्मी लग्नं पार पडली, ती खोकली तर तिच्या दारासमोरून जाताना लोक श्वास धरायचे. आमचा भाजीवाला कितीतरी वर्षांपासूनचा. दाढी पांढरी झाली ती आमच्या डोळ्यांदेखत. एका सकाळी तो बल्लीच्या पलीकडं हातगाडी घेऊन उभा राहिला. मास्तरांनी वरून सांगितलं, इकडं यायचं नाही. त्यानं माझ्या गॅलरीकडं बघितलं. "अम्मा, मेरेकू पैचानते ना तुम?" मी मान हलवली. गॅलऱ्यांतून सगळे बघत होते. मेथी चांगली होती. मी खाली उतरले नाही.

तोवर आठवा लागून गेला होता. आठव्यात विहीण हलू देईना, आणि मीही तोंड उघडेना, कारण नियम आमचाही तोच. नववा लागला तेव्हा मी पुन्हा फोन केला. आता मुलगा पास काढतो म्हणत होता. विहीण म्हणाली, "तुमच्या शहरात रोज माणसं मरायलीत. टीव्हीवर दाखवायलेत. तिथं मी पोर कशाला धाडू?"

मी म्हटलं, शनिवारी धाडली असती तर ती आज माझ्याजवळ असती. तुमची अमावस्या आडवी आली.

"अन् आज ती तुमच्या गल्लीत कोंडली असती," विहीण म्हणाली. "आमच्या गावात तुमच्या शहराचं माणूस येऊ देईनात. वेशीवर काटे टाकलेत. इथं अजून कुणी आजारी नाय. इथला दवाखाना काय वाईट हाय का?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी बरंच बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. पलीकडं फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ बोलत होते. मुलगा जेवता जेवता थांबला आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाला.

त्याच सुमारास आणखी एक नियम ठळक झाला. पासष्टच्या वरच्यांनी घराबाहेर पडायचं नाही. मी बासष्टची, म्हणजे मला लागू नाही. पण माझं आधार कार्ड सदुसष्टचं.

यात माझाच हात. मी झाले तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती, एवढंच आई सांगायची. शाळेत गुरुजींनी सगळ्या वर्गाला एक जून लावून दिला. पुढं आधार काढायचं शिबिर लागलं तेव्हा शेजारणीनं रांगेत कानात सांगितलं की वय वाढवून सांग, लवकर पासष्टची होशील, एसटीचं अर्धं तिकीट लागतं. मी पाच वर्षं वाढवली. तो पोरगा कॉम्प्युटरवर लिहीत होता, त्यानं वर मान करून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, याचा मला त्या दिवशी थोडा राग आला होता. पण पुढं दोन वर्षं मी अर्ध्या तिकिटात कन्नडला माहेरी अशी फिरले की कंडक्टरला वाटायचं ही म्हातारी राहते कुठं. खिडकीत बसून, केसांना मेंदी लावून, चणे खात, सरकारला फसवल्याच्या आनंदात. आता मास्तर गॅलरीतून ओरडायचे, "आजी, तुम्ही पासष्टच्या वरच्या, खाली येऊ नका." गल्लीत सगळ्यांना माझं वय ठाऊक होतं. मीच मिरवलं होतं.

मे महिन्यात, उन्हानं गच्ची तापून निघाली होती अशा एका दुपारी, नातजावयाचा फोन आला. पोरीचं बीपी वाढलंय, पाय सुजलेत, डोळ्यांपुढं अंधारी येतीय. तिथले डॉक्टर म्हणाले, आम्ही हात लावत नाही, शहरात न्या. आत्ता न्या.

म्हणजे जिला मी दोन महिने मागत होते ती आता येत होती.

माझी पिशवी दाराशी तयारच होती. मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी, टोपडी, पोरीचे दोन गाऊन, तूप. मुलाची स्कूटर बल्लीच्या पलीकडंच लावलेली असायची. बल्लीखालून वाकून बाहेर पडलो. कोपऱ्यावर पोलिसानं अडवलं. मुलगा काही बोलायच्या आत मी पोट धरून कण्हायला सुरुवात केली. इतकी छान कण्हले की पोलीस म्हणाला, थांबा, आमची गाडी देतो. मग मुलाची तारांबळ उडाली. मी हळूहळू कण्हणं कमी केलं आणि म्हटलं, नको बाबा, स्कूटरचा वारा लागला की बरं वाटतं. त्यानं सोडलं. पुढच्या चौकापर्यंत मी हसत होते. कुठं आणि कशासाठी चाललोय ते चौक ओलांडल्यावर आठवलं.

दवाखान्याच्या फाटकाशी सिल्लोडची गाडी आधीच लागली होती. मागच्या सीटवर नात आडवी. तोंड सुजलेलं, बोटं सुजलेली, अंगठी रुतलेली. तिचं डोकं विहिणीच्या मांडीवर. विहीण नुसती सोबत म्हणून गाडीत बसली होती. अंगावर घरची साडी, हातात रुमाल आणि साखरेच्या गोळ्यांची चपटी डबी. मला बघून नातीनं डोळे मिटले आणि उघडले. "आलीस," ती म्हणाली.

आतून पांढऱ्या कपड्यांत नखशिखांत गुंडाळलेली एक सिस्टर आली. तिचे फक्त डोळे दिसत होते, चष्म्यामागं तेही धूसर. तिनं उभ्या उभ्या सांगितलं. पेशंटसोबत एकच जण. बाईमाणूस. एकदा आत गेलं की बदली नाही, सुट्टी होईपर्यंत बाहेर येता येणार नाही. पासष्टच्या आतली पाहिजे. आधार दाखवा.

मी पिशवी उचलून पुढं झालेच होते. फाटकावरच्या वॉचमननं कार्ड हातात न घेता लांबूनच वाचलं. "आजी, तुम्ही सदुसष्टच्या."

मी म्हटलं, नाही, खरी बासष्टची आहे. पाच वर्षं वाढवून सांगितली होती, अर्ध्या तिकिटासाठी.

"सकाळपास्नं सगळेच वय कमी करून सांगायलेत," तो म्हणाला. चिडला नव्हता. दमला होता.

मी सिस्टरला सांगितलं. मुलानं सांगितलं. मी दात दाखवायला पदर खाली घेतला तर दोघंही मागं सरकले. सिस्टर म्हणाली, मावशी, मी नियम केला नाही, आत बेड रिकामा आहे तोवर पेशंट घेऊ द्या. गाडीत नातीला उलटी झाली.

विहीण खाली उतरली. तिनं ब्लाउजमधून प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढून वॉचमनपुढं धरलं. चौसष्ट. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी बाई, साखर असलेली, गुडघे धरलेली. तिला वय वाढवायला कुणी शिकवलं नव्हतं. साखर आहे का, हे कार्डावर लिहिलेलं नसतं आणि तिनं सांगितलंही नाही.

"द्या ती पिशवी इकडं," ती मला म्हणाली.

दोन महिन्यांत आम्ही एकमेकींशी धड बोललो नव्हतो. माझ्या हातातून पिशवी सुटेना. ती हात पुढं करून उभी राहिली. नातीला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग सासूकडं. "आज्जी, तू नाही का येणार?" असं काहीतरी ती म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. पण तिला कळलं होतं. मी पिशवी दिली.

"मी हाय ना," विहीण म्हणाली. ते कुणाला म्हणाली ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

त्यानंतरचे दिवस आम्ही फोनवर काढले. आत फोन लागायचा नाही, लागला तर कुणी उचलायचं नाही. नातजावई आणि गाडीवाला फाटकापलीकडच्या झाडाखाली गाडीतच झोपायचे, मुलगा डबा नेऊन द्यायचा. मी घरात येरझाऱ्या घालायचे. गल्लीत कुणी दार उघडत नव्हतं, पण ग्रुपवर सगळ्यांना माहीत होतं की आमचं माणूस दवाखान्यात आहे. पोट चिरून बाळंतीण केली. मुलगी झाली. वजन कमी, पण रडली म्हणे लगेच. हे मला जावयानं सांगितलं, त्याला वॉचमननं. मी देवापुढं साखर ठेवली. घरात साखर तेवढी भरपूर होती.

सुट्टीच्या आदल्या दिवशी विहिणीला ताप भरला. तपासणी झाली, पॉझिटिव्ह निघाली. पोरीची आणि बाळाची तपासणी निगेटिव्ह. विहिणीला तिथूनच दुसरीकडं हलवलं. सिल्लोडच्या गावानं कळवलं की बाळ-बाळंतिणीला चौदा दिवस तरी आणू नका. मग उरलं माझं घर.

पाडव्याला यायची ती पोर जेठाच्या उन्हात अशी आली. गाडी बल्ल्यांपाशी थांबली. तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं एवढंसं काहीतरी. मी खाली उभी. बल्ली माझ्या कमरेएवढी, मीच खाली घ्यायला सांगितलेली. टाके पडलेली पोर वाकणार कशी?

मी वर बघितलं. सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. तोंडाला रुमाल, पदर, कुणाचा टॉवेल. मास्तर म्हणाले, "आजी, त्यांना आधी चौदा दिवस कुठंतरी बाहेर ठेवायला पाहिजे. गल्लीत लहान पोरं आहेत. समजून घ्या."

"ही पण लहानच आहे, मास्तर," मी म्हटलं. "पाच दिवसांची."

ते वाईट लोक नव्हते. मास्तरांच्या बायकोला दमा होता, ते रात्रंदिवस तिच्या उशाशी बसायचे. हे मला माहीत होतं, आणि तरी मला त्या दिवशी त्यांना काहीतरी टाकून बोलावंसं वाटत होतं. नातीच्या कपाळावर घाम आला होता. मी सुतळीच्या गाठी सोडायला बसले. पावसाळ्यातसुद्धा सुटू नये अशा आवळलेल्या. नखं तुटली, एक गाठ सुटेना. जावई पुढं आला तर वरून कुणीतरी ओरडलं, हात लावू नको. तो तिथंच थांबला.

मग पलीकडच्या गॅलरीतून काहीतरी येऊन माझ्या पायाशी खणकन पडलं. भाजी चिरायची सुरी. वर बघितलं तर पापडवाली बाई, जिच्या खोकल्याला गल्ली घाबरायची ती. मी सुतळी कापली, बल्ली जमिनीवर आडवी पडली. नात तिच्यावरून पाय उचलून आत आली. आम्ही जिना चढलो. एकेक पायरीवर थांबत. मागं कुणीतरी बादलीनं पाणी ओतून आमची वाट धुतली. मी मागं वळून बघितलं नाही.

चौदा दिवस दाराला कडी. मुलगा बाहेरच्या खोलीत, मी आतल्या खोलीत दोघींपाशी. मी नाकातोंडाला पदर बांधून बाळाला न्हाऊ घालायचे. अंगाला तेल लावताना तिचे पाय हातात यायचे, तेव्हा माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून गाणं निघायचं नाही, कारण श्वास रोखलेला असायचा. नात दूध पाजता पाजता भिंतीकडं बघत बसायची. आत काय झालं, मी विचारायचे. ती म्हणायची, "आईंनी सगळं केलं." त्यापुढं नाही. सासूला ती आई म्हणते. एकदा मात्र दुपारी झोपेतून उठून म्हणाली, "शेजारच्या कॉटवरच्या बाईला घेऊन गेले ना, तेव्हा आई माझ्या तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मला दिसू नये म्हणून."

विहिणीला ऑक्सिजन लागला. मग नको झाला. मग पुन्हा लागला. तिचा फोन आला की ती आधी धापा टाकायची. आम्ही दोघी पलीकडच्या धापा ऐकत बसायचो, मग ती विचारायची, "टाळूवर तेल घालायलात ना?" मी म्हणायचे, घालते. "थोडं कोमट करून," ती म्हणायची. मला एरवी कुणी असं शिकवलेलं चाललं नसतं.

पावसाळ्यात शहर पुन्हा कडकडीत बंद झालं. या वेळी कुणी थाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी साखर आणायला पळालं नाही. लोक गुपचूप आत गेले. गल्लीच्या तोंडाशी पुन्हा बल्ली बांधायचं निघालं तेव्हा मास्तर म्हणाले, राहू द्या. त्यांची बायको तोवर राहिली नव्हती. दमाच होता, दुसरं काही नाही, असं ते प्रत्येकाला सांगायचे, आणि प्रत्येक जण मान हलवायचा.

रस्ते उघडले तशी विहीण पोरीला न्यायला आली. रीत अशी की न्यायला सासरच्यांनी यायचं. जीप खाली उभी राहिली, पण ती वर येईना. जावई म्हणाला, जिना चढवत नाही तिला. मी बाळाला घेऊन खाली उतरले.

मी तिला ओळखलंच नाही आधी. दंडावरचा ब्लाउज सैल, गळ्याची शीर उडत होती. जीपच्या पुढच्या सीटवर पाय बाहेर टाकून बसली होती. मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं मान खाली घालून बघितलं. जिला आपल्या हातात घेतलं होतं तिला ती जन्मानंतर पहिल्यांदा नीट बघत होती, कारण आत असताना तोंड झाकून, घाबरत घाबरत बघितलं होतं. बाळानं तिचं बोट धरलं. थोड्या वेळानं तिचे हात भरून आले.

"धरा जरा," ती म्हणाली.

मी बाळ उचललं. म्हटलं, विहीणबाई, आत तुम्ही काय काय सोसलं ते मला कुणी सांगत नाही.

"नका इचारू," ती म्हणाली. मग दम घेऊन म्हणाली, "नेते म्हणून आले खरी. पण न्हाऊ घालायला माझ्यात जोर नाय ऱ्हायला. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या अजून. दिवाळीनंतर बघू."

पाडव्यापासून मला हेच पाहिजे होतं. पोर माझ्याकडं, बाळ माझ्याकडं, आणि हे विहिणीच्या तोंडून. मी लगेच हो म्हणणार होते. तेवढ्यात ती पुढं वाकून बाळाच्या पायातला सुटलेला मोजा चढवायला लागली. तेवढ्या कामालाही तिला दोनदा थांबावं लागलं. मोजा चढला. तिनं हात मागं घेतला आणि ती समोर रस्त्याकडं बघायला लागली, जसं काही आता निघायचंच आहे.

लेकीच्या सासरी जाऊन राहू नये असं आमच्यात आहे. नातीच्या सासरी तर त्याहून नाही. मी नातीला हाक मारली, तुझी पिशवी घेऊन खाली ये म्हटलं. ती आली, मागं बसली. मी बाळाला घेऊन तिच्या शेजारी चढले. पायात घरातल्या स्लिपर, अंगावर तेलाचे डाग पडलेली साडी. जावई बघत राहिला. मुलगा कंपनीत होता, त्याच्यासाठी डाळीला फोडणी देऊन ठेवलेली होती, भात तेवढा लावायचा होता. मी पापडवाल्या बाईला खालून सांगितलं, तो आला की सांगा, आई सिल्लोडला गेली.

"कधी येणार?" तिनं वरून विचारलं.

विहीण मागं वळून बघत होती. ऐकायला तिलाही पाहिजे होतं.

"न्हाऊ घालून," मी म्हटलं, आणि जावयाला गाडी काढायला सांगितली.